टाकीतल्या रंगाची बाजू

नैसर्गिक रंगांवर जीव असणाऱ्या मंडळींकडून हल्ली एक आक्षेप वरचेवर ऐकू येतो. यीस्ट आंबवून काढलेला रंग हा निसर्गाचा रंगच नव्हे, रासायनिक कारखान्यानेच घेतलेलं ते नवं सोंग आहे, असं ही मंडळी म्हणतात. ते यीस्ट समुद्रातलं असेल तर आक्षेप आणखी तीव्र होतो: जमीन पुरली नाही म्हणून आता समुद्र ओरबाडायला निघालात. आणि शेवटी येतो सगळ्यांत जड मुद्दा, निळीचा. जर्मनीच्या कारखान्यात नीळ तयार झाली आणि आपल्याकडची निळीची शेती बुडाली. उद्या पोलादी टाकीत पिवळा, केशरी, तपकिरी रंग तयार होऊ लागला, तर हळद, झेंडू, शेंद्री पिकवणाऱ्यांची तीच गत होईल.

असं म्हणणारी माणसं उथळ नाहीत. मंजिष्ठा आणि आलीचा लाल, डाळिंबाच्या सालीचा पिवळा, हिरड्याचा काळा या गोष्टी विस्मरणात जाऊ नयेत म्हणून त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं घातली आहेत. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं. त्यांचा राग खरा आहे, पण तो भलत्याच दारावर धडका देतो आहे. यीस्टचा रंग शेतातल्या रंगाचा वैरी नाही. त्याची लढत खनिज तेलातून आलेल्या रंगाशी आहे. त्या लढतीत शेतातल्या रंगाच्या पाठीराख्यांनी यीस्टवरच वार केले, तर फायदा एकट्या तेलातल्या रंगाचा होणार आहे.

आधी हे यीस्ट काय करतं ते पाहू, कारण आक्षेपातला बराच भाग तिथेच विरघळतो.

आपला किनारा या विषयाला नवखा नाही. अटलांटिकच्या पाण्यातून यीस्ट वेगळं केल्याची नोंद बर्नहार्ड फिशर यांनी १८९४ साली केली, तर भारतीय किनाऱ्यालगतच्या सागरी यीस्टवरचा भट आणि कचवाला यांचा निबंध १९५५ सालचा आहे. पुढे पुण्याच्या संशोधकांनी मुंबईजवळच्या तेलाने दूषित झालेल्या समुद्राच्या पाण्यातून यारोविया लिपोलिटिका नावाचं यीस्ट मिळवलं. त्या वेळी त्यांना रंग नको होता, तेल खाऊन जगणारा जीव हवा होता. डॉ. स्मिता झिंजर्डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या यीस्टचा पुढे अनेक वर्षं अभ्यास केला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीवसंग्रहात ते क्रमांक लावून जपून ठेवलेलं आहे. याच जातीच्या यीस्टला टायरोसिन हे अमिनो आम्ल भरपूर दिलं, की भोवतीचं पाणी हळूहळू तपकिरी होत जातं. टायरोसिन तोडताना वाटेत होमोजेंटिसिक आम्ल तयार होतं. ते पेशीबाहेर साचतं, हवेतल्या ऑक्सिजनने काळवंडतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पायोमेलॅनिन हे गडद रंगद्रव्य बनतं. अल्काप्टोनुरिया हा आनुवंशिक विकार असलेल्या माणसाची लघवी हवेत राहिली की काळी पडते, तीही याच आम्लामुळे. म्हणजे ज्या रसायनव्यवहाराला ‘कारखान्यातला’ म्हणून हिणवलं जातं, तो माणसाच्या शरीरातही चालू असतो.

दुसरं कुटुंब गुलाबी यीस्टचं, रोडोटोरुलाचं. ते समुद्रात सापडतं, झाडाच्या पानांवर सापडतं, न्हाणीघराच्या ओल्या भिंतीवरही सापडतं. त्याच्या पेशीत बीटा-कॅरोटीन, टोरुलीन आणि टोरुलारोडिन ही पिवळ्यापासून लालापर्यंतची रंगद्रव्यं तयार होतात. उन्हामुळे पेशीत जे घातक ऑक्सिजन-रेणू सुटतात त्यांना ही रंगद्रव्यं निष्प्रभ करतात. समुद्राच्या वरच्या थरात, डोक्यावर दिवसभर ऊन घेऊन जगणाऱ्या जीवाला त्यांचा आधार वाटला तर नवल नाही. टाकीत आपण एवढंच करतो: साखर मुबलक द्यायची, नायट्रोजन हात राखून द्यायचा, हवा सतत खेळती ठेवायची. नायट्रोजन संपत आला की पेशींची वाढ मंदावते आणि उरलेली साखर स्निग्ध पदार्थ व रंग यांच्याकडे वळते. काही दिवसांत टाकीतला द्रव गुलाबी-केशरी होतो. हा रंग बनवण्याची पद्धत पेशीची स्वतःचीच असते, माणूस फक्त तिला अनुकूल परिस्थिती देतो.

आता टाकीबद्दल. आक्षेप घेणाऱ्यांच्या मनात शेत आणि टाकी यांच्यामध्ये एक भिंत आहे. ती भिंत त्यांच्याच कामात कुठेही उभी नाही. निळीचं पाहा. निळीच्या पानांत निळा रंग नसतो, असतं ते इंडिकन. पानं हौदात भिजत घालतात, ती आंबतात, त्यात इंडिकन फुटतं, मग ते पाणी घुसळून हवा दिली की निळा गाळ खाली बसतो. आणि ही नीळ कापडावर चढवायची तर पुन्हा आंबवणंच आलं, कारण नीळ पाण्यात विरघळत नाही. आपल्याकडचे पारंपरिक रंगारी रांजणात नीळ, चुना आणि टाकळ्याचं उकडलेलं बी घालून तो कित्येक दिवस मुरवत. कोकणात पहिल्या पावसानंतर ज्याची भाजी करतात, तोच हा टाकळा. त्या रांजणातले जिवाणू ऑक्सिजन खेचून घेतात, नीळ पिवळसर-हिरवी होऊन विरघळते, कापड त्यात बुडवून बाहेर काढलं की हवेत निळं होतं. रांजण ‘मेला’ तर रंग चढत नाही, म्हणून रंगारी त्याचा वास घेऊन, फेस पाहून, उबेला ठेवून त्याला जिवंत राखतो. सूक्ष्मजीव सांभाळून रंग मिळवण्याचं हे ज्ञान आपल्या अंगणात शतकानुशतकं आहे. पोलादी टाकीला तापमापक आणि हवेचा पंप असतो, एवढ्यावरून ती परकी कशी ठरते?

झेंडूचंही तेच आहे. कोंबडीच्या अंड्याचा बलक गडद पिवळा व्हावा म्हणून खाद्यात झेंडूचं ल्युटीन घालतात. त्यासाठी कर्नाटक, तमिळनाडू, तेलंगणात कराराने झेंडू पिकवला जातो. ती फुलं कारखान्यात आली की आधी दाबून आंबवली जातात, मग वाळवली जातात, दाणे पाडले जातात आणि हेक्झेनमध्ये रंग उतरवला जातो. हेक्झेन खनिज तेलातून येतं. तेव्हा यीस्टच्या पेशीतून रंग काढायला द्रावक लागतं म्हणून तो रंग बाद, हे म्हणणं झेंडूलाही बाद करून बसतं, आणि हळदीतून शुद्ध कर्क्युमिन काढणाऱ्यालाही. द्रावक कोणतं, ते किती परत मिळवलं, मालात किती उरलं, हे प्रश्न जरूर विचारावेत. पण ते तिघांनाही सारखेच विचारावेत.

‘टाकीतला रंग कधीच परवडणार नाही’ असंही म्हटलं जातं, आणि हे म्हणणाऱ्यांत रंगप्रेमींइतकेच व्यापारीही असतात. त्यांनी रायबोफ्लेविनकडे पाहावं. हे ब जीवनसत्त्व म्हणजे पिवळा रंग. आपल्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमावलीत परवानगी असलेल्या नैसर्गिक रंगांत ते हळद, केशर, शेंद्री यांच्या पंक्तीला बसलेलं आहे. पूर्वी ते बहुतांशी रासायनिक संश्लेषणाने, अनेक पायऱ्या चढून बनत असे. आज जगातलं रायबोफ्लेविन मुख्यतः अ‍ॅशबिया गॉसिपी ही यीस्टच्या नात्यातली बुरशी किंवा बॅसिलस सब्टिलिस हा जिवाणू टाकीत वाढवून मिळतं. रासायनिक पद्धत बाजूला पडली ती भावनेपोटी नव्हे. आंबवण्याची पद्धत स्वस्त आणि सुटसुटीत ठरली म्हणून ती मागे सरली. ब्लेकस्लिया ट्रायस्पोरा नावाच्या बुरशीपासून काढलेलं बीटा-कॅरोटीनही अन्नात वापरलं जातं. त्यामुळे गाजर पिकवणारा शेतकरी उद्ध्वस्त झाल्याचं कोणी सांगत नाही.

मग निळीचं काय? हा मुद्दा मी टाळणार नाही, कारण बाकीचे आक्षेप याच्याच आधारावर उभे आहेत.

इतिहास साधारण असा सांगितला जातो: १८९७ साली बीएएसएफ या जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि हिंदुस्थानातल्या निळीच्या शेतकऱ्याचं वाटोळं झालं. यातला पहिला भाग खरा आहे. दुसऱ्या भागात शेतकरी आणि मळेवाला एकच मानले आहेत. बंगालमधल्या शेतकऱ्यांनी निळीविरुद्ध उठाव केला तो १८५९-६० साली, कृत्रिम नीळ येण्याच्या जवळजवळ ४० वर्षं आधी. दीनबंधु मित्र यांचं ‘नीलदर्पण’ १८६० सालचं. मळेवाले उचल घ्यायला लावून, मारझोड करून, भात लावायच्या चांगल्या जमिनीत नीळ पेरायला लावत, म्हणून तो उठाव झाला. बिहारमधल्या चंपारणात तर ‘तीनकठिया’ होती: २० कठ्ठ्यांमागे ३ कठ्ठ्यांत कुळाने नीळ लावलीच पाहिजे, मग ती परवडो वा न परवडो. पानांत रंग निसर्गानेच भरला होता, पण तो रंग मिळवण्याची व्यवस्था माणसाला गुलाम करणारी होती.

आणि जर्मन नीळ आल्यावर काय झालं? निळीचा भाव पडला, तेव्हा चंपारणातल्या गोऱ्या मळेवाल्यांनी नीळ लावण्याच्या सक्तीतून सुटका देण्याची किंमत कुळांकडूनच वसूल केली. कुठे खंड वाढवून, कुठे ‘तावान’ म्हणून रोख रक्कम घेऊन. कारखान्यातल्या रंगामुळे झालेलं मळेवाल्याचं नुकसान शेतकऱ्याच्या माथी मारलं गेलं. १९१७ साली गांधीजी चंपारणात गेले ते याच तक्रारी ऐकायला. निळीची शेती बुडाली म्हणून रडणारं तिथलं कूळ नव्हतं. निळीतून सुटण्यासाठी त्याने पैसे मोजले होते.

हे सगळं सांगून मला कृत्रिम निळीचा गौरव करायचा नाही. निळीच्या हौदांवर राबणाऱ्या मजुरांची कामं गेली, रंगाऱ्यांचं रांजणाचं ज्ञान मागे पडलं, ही हानी खरीच. पण त्या इतिहासातून जो धडा काढायचा तो ‘शेतातला रंग चांगला, कारखान्यातला वाईट’ असा निघत नाही. रंग कोण पिकवतो, कोणाच्या अटीवर, भाव पडला तर तोटा कोणाच्या अंगावर जातो, हे त्या इतिहासातले खरे प्रश्न आहेत. ते शेताला विचारायचे तसे टाकीलाही विचारायचे. निळीचा दाखला देऊन टाकीला आधीच दोषी ठरवणारे हे प्रश्न विचारतच नाहीत.

विचारले तर काय दिसतं? समुद्री यीस्टचा केशरी-लाल रंग आज कोणाची जागा घेऊ पाहतो आहे? हळदीची नाही. हळदीचा ग्राहक रंगासाठी नव्हे, हळदीसाठी हळद घेतो. सांगलीच्या बाजारात कोणी रोडोटोरुला मागायला येणार नाही. हे यीस्ट जिथे शिरू पाहतं त्यातलं एक मोठं क्षेत्र म्हणजे मासे आणि कोळंबी यांचं खाद्य. कोळंबी शिजली की लाल होते, हे आपल्या प्रत्येक मासेखाऊ घराला माहीत आहे. तो लाल रंग अ‍ॅस्टाझँथिनचा. कच्च्या कोळंबीत तो एका प्रथिनाला बांधलेला असतो म्हणून करडा-निळसर दिसतो, उष्णतेने प्रथिन उलगडतं आणि लाल मोकळा होतो. पण कोळंबी कॅरोटिनॉइड गटातली ही रंगद्रव्यं शून्यातून बनवू शकत नाही. समुद्रात ती सूक्ष्म शैवालातून आणि त्यावर जगणाऱ्या जीवांतून मिळतात, तळ्यात वाढवलेल्या कोळंबीला ती खाद्यातून द्यावी लागतात. शेतीतल्या सॅल्मनचंही तसंच. आणि जगभरात या खाद्यात जो अ‍ॅस्टाझँथिन जातो त्याचा मोठा हिस्सा खनिज तेलापासून सुरू होणाऱ्या संश्लेषणातून येतो. इथे कोणत्याही शेतकऱ्याचं पीक नाही. इथे यीस्टने जागा मिळवली तर मागे हटेल तो तेलातला रंग.

खाण्याच्या रंगातही हीच गोष्ट. नियमावलीत ८ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. टारट्राझिन, सनसेट यलो, पोन्सो ४आर, एरिथ्रोसिन ही त्यांतली नावं. एरिथ्रोसिनची अन्नातली परवानगी अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतली. परवानगीच नसलेला रोडामाइन-बी आपल्याकडे साखरेच्या कापसात सापडत राहतो. २०२४ साली तमिळनाडूने त्या मिठाईवरच बंदी घातली आणि कर्नाटकाने तिच्यातल्या आणि गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर. मुलांच्या हातात जाणाऱ्या या गुलाबी-केशरी रंगांच्या जागी काय द्यायचं, याचं उत्तर एकट्या शेतातून पुरं पडत नाही. बीट तापवलं की मळकतं, हळद उजेडात उडते, केशर परवडत नाही. इथे आणखी एक पर्याय हातात असणं हे नैसर्गिक रंगांच्या चळवळीचं बळ आहे.

आणि तेलातला रंग मागे हटणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत भटकी कुत्री निळी झालेली लोकांनी पाहिली. कासाडी नदीच्या परिसरातल्या रंगाच्या कारखान्यावर तेव्हा कारवाई झाली. २०२० च्या फेब्रुवारीत डोंबिवलीचा एक रस्ता गुलाबी झाला. त्या परिसरात राहणाऱ्या माणसांना रंगाची किंमत कळते. नैसर्गिक रंगांचे कैवारी आपली पहिली तोफ या प्रवाहाकडे न वळवता यीस्टकडे वळवतात, हे मला सलतं.

झेंडूबाबत मात्र आक्षेपकांचं म्हणणं मी मान्य करतो. ल्युटीन टाकीत स्वस्त पडू लागलं, तर कराराने झेंडू लावणाऱ्या शेतकऱ्याला फटका बसेल. म्हणून संशोधनाचा सार्वजनिक पैसा कुठे घालायचा हे ठरवताना एक साधा नियम लावता येईल: जो रंग आज शेतातून येतो त्याच्या मागे आधी लागायचं नाही, जो तेलातून येतो त्याच्या मागे आधी लागायचं. हा नियम धोरणात लिहून घेता येतो. त्यासाठी भांडायला मी आक्षेपकांच्या बाजूला उभा राहीन.

शिवाय टाकीलाही खायला लागतं, आणि ते शेतातूनच येतं. रोडोटोरुला मळीवर वाढतं. इथे थोडा हिशेब मांडतो, कारण समर्थक तो मांडत नाहीत आणि विरोधकही. एक ग्रॅम कोरड्या यीस्टमध्ये १ मिलिग्रॅम रंग धरू. अ‍ॅस्टाझँथिन बनवणाऱ्या फाफिया नावाच्या यीस्टच्या मूळ वाणांत दोन-तीनशे मायक्रोग्रॅमच असतो, निवडलेल्या वाणांत त्याच्या कितीतरी पट मिळतो, तेव्हा १ मिलिग्रॅम हा बेताचा आकडा झाला. म्हणजे १ किलो रंगासाठी १ टन कोरडं यीस्ट. साखरेच्या निम्म्या वजनाच्या पेशी मिळतात असं धरलं तर २ टन साखर. मळीत साधारण निम्मी साखर असते, म्हणजे ४ टन मळी. एक किलो रंगाला चार टन मळी! फक्त रंग काढून उरलेलं यीस्ट फेकून दिलं, तर हा धंदा बुडीतच. पण कोळंबीच्या खाद्यात रंग वेगळा काढावाच लागत नाही, पेशीची भिंत फोडून अख्खं यीस्ट घालता येतं. अमेरिकेने २००० साली सॅल्मनच्या खाद्यात फाफिया यीस्टला परवानगी दिली, तेव्हा किलोभर खाद्यात जास्तीत जास्त ८० मिलिग्रॅम अ‍ॅस्टाझँथिन अशी मर्यादा घातली. त्या मर्यादेने १ किलो रंग साडेबारा टन खाद्याला पुरतो, आणि त्यासोबत गेलेलं १ टन यीस्ट हे त्या खाद्यातलं प्रथिन आणि स्निग्धांश होतं. तेवढ्या मानाने मासळीची भुकटी कमी लागते. ती भुकटी ज्या तारलीपासून बनते, ती तारली ताटात आलेली किनाऱ्यावरच्या गरीब घराला हवी आहे.

म्हणून माझ्या मते या उद्योगाची आपल्याकडची जागा सौंदर्यप्रसाधनांच्या चकचकीत बाटलीत नाही. ती साखर कारखान्याची आसवनी आणि किनाऱ्यावरची कोळंबीची तळी यांच्यामध्ये आहे. उसाच्या शेतकऱ्याची मळी एका बाजूला, तळेवाल्याचं खाद्य दुसऱ्या बाजूला. मळीला इथेनॉलची मागणी आहेच. तिथून ती वळवायची तर रंगाला भाव द्यावा लागेल, आणि तो भाव कारखान्याच्या सभासदापर्यंत पोचतो की नाही हे सहकारातल्या माणसांनी पाहायला हवं.

समुद्र ओरबाडण्याचा आक्षेप थोडक्यात संपतो. समुद्री यीस्ट मिळवायला समुद्र उपसावा लागत नाही. बाटलीभर पाणी, मूठभर खारफुटीचा चिखल, त्यातून एक वसाहत वेगळी करायची, ती गोठवून जपायची. पुढचं सगळं उत्पादन त्या जपलेल्या पेशींतून वाढतं. शार्कच्या यकृतासाठी शार्क मारावा लागतो, तसला हा व्यवहार नाही. उलट, मीठ सोसणाऱ्या या जीवांपैकी काहींना समुद्राच्या पाण्यातच वाढवता येतं, त्यामुळे गोडं पाणी वाचतं. पण क्लोराइडमुळे पोलादाला खड्डे पडतात आणि टाकीतून बाहेर पडणारं खारं सांडपाणी शेतात सोडता येत नाही, हेही सांगायला हवं.

ओरबाडण्याच्या आक्षेपात एक खरी गोष्ट आहे ती हक्काची. एखाद्या खाडीतल्या चिखलातून मिळालेल्या यीस्टवर कोणी पेटंट घेऊन कोट्यवधी कमावले, तर त्या खाडीवर जगणाऱ्या कोळ्यांना काय? याचं उत्तर आपल्या कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने जैवसंपत्तीच्या व्यापारी वापरातून होणाऱ्या लाभात स्थानिकांचा वाटा मानला आहे आणि गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समित्यांची तरतूद केली आहे. त्या समित्या बऱ्याच ठिकाणी कागदावरच आहेत. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या किनारी ग्रामपंचायतींनी आपल्या खाडीची नोंदवही नीट ठेवली, तर हक्क सांगायला आधार मिळेल. यीस्टला विरोध करून तो मिळणार नाही.

आता समर्थकांना दोन शब्द, कारण आक्षेपाला खतपाणी त्यांनीच घातलं आहे. कॅरोटिनॉइड उजेडात आणि हवेत उडतं. त्याने रंगवलेलं सुती कापड उन्हात फार टिकणार नाही, तेव्हा इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसला यीस्टच्या कॅरोटीनचं स्वप्न विकू नका. मेलॅनिनला त्या बाबतीत जास्त आशा आहे, तेवढंच सांगा. फाफिया हे यीस्ट हर्मन फाफ यांना १९६०च्या दशकात जपान आणि अलास्कातल्या झाडांच्या पाझरणाऱ्या रसात सापडलं, समुद्रात नाही. म्हणून ‘सागरी’ हा शिक्का सरसकट मारू नका. त्यातला अ‍ॅस्टाझँथिनही रानटी सॅल्मनमध्ये मुख्यतः असतो त्याच घडणीचा नाही, त्याचा आरशातला जोडीदार आहे. ‘समुद्रात असतो तोच रंग’ अशी जाहिरात खोटी ठरते. रोडोटोरुला म्युसिलॅजिनोसा प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णांत क्वचित रक्तसंसर्ग करतं. तेव्हा जिवंत पेशी मालात जाऊ द्यायच्या नाहीत आणि वाणाची सुरक्षितता तपासूनच पुढे जायचं, यात सूट नाही. जनुकं बदललेलं यीस्ट वापरलं असेल तर ते ग्राहकाला ठळक सांगायचं.

आक्षेप घेणाऱ्यांना माझी विनंती आहे ती या उद्योगाला बाहेरून दगड मारण्याऐवजी त्याच्या अटी लिहायला बसण्याची. वेष्टनावर ‘नैसर्गिक रंग’ एवढंच न लिहिता ‘यीस्ट आंबवून मिळवलेला’ असं लिहिण्याची सक्ती व्हावी, यासाठी त्यांचा आवाज माझ्या आवाजापेक्षा जास्त ऐकला जाईल. किनाऱ्यावर असा कारखाना उभा राहायची वेळ येईल तेव्हा जनसुनावणी मागून घ्यावी, आणि कारखानदाराला तिथे विचारावं: खारं सांडपाणी कुठे सोडणार, रंग काढून उरलेल्या यीस्टचं काय करणार, मळी कोणाकडून कोणत्या भावाने घेणार, आणि हे यीस्ट ज्या खाडीतून आलं त्या गावाच्या नावावर दरवर्षी किती जमा करणार.